४८ गुण आणि निबंधात वारलेले आजोबा

मे महिन्यात मैत्रिणीच्या मुलाचा निकाल लागला त्या संध्याकाळी तिचा फोन आला. “अगं, सायन्समध्ये ७१ आणि निबंधात नापास! ह्याला काय अर्थ आहे?” नापास हा शब्द तिचा. या परीक्षेत पास-नापास असं काही नसतं. पण त्या वर्षीचा अर्ज बुडाला होता, हे खरं.

परीक्षा म्हणजे गॅमसॅट. ऑस्ट्रेलियात हातात एक पदवी असताना डॉक्टरकीकडे वळायचं असेल, तर बहुतेक वैद्यकीय विद्यापीठं हिचे गुण मागतात. एसर, म्हणजे ऑस्ट्रेलियन काउन्सिल फॉर एज्युकेशनल रिसर्च, ती मार्चमध्ये आणि सप्टेंबरमध्ये घेते. पहिला भाग उतारे वाचून उत्तरं देण्याचा, तिसरा जीव-रसायन-भौतिकाचा आणि मधला लेखनाचा. ६५ मिनिटं, दोन निबंध. एकूण गुण काढताना तिसरा भाग दुप्पट धरतात. याचे होते ५८, ४८ आणि ७१, म्हणजे एकूण ६२. काही विद्यापीठं तिन्ही भागांची साधी सरासरी धरतात, तशी काढली तरी ५९. अगदीच टाकाऊ नाहीत. पण ज्या जेमसॅस व्यवस्थेतून बहुतेक अर्ज जातात तिथे प्रत्येक भागात किमान ५० लागतात. तिसऱ्या भागातले जास्तीचे गुण दुसऱ्यात ओतता येत नाहीत. दोन गुणांनी गाडी चुकली.

मी एका विद्यापीठात विद्यार्थ्यांच्या लेखनाला मदत करणाऱ्या विभागात काम करते. त्याची आई माझी मैत्रीण आहे आणि त्याचे दुधाचे दात पडत होते तेव्हापासून मी त्याला बघते आहे. तेव्हा हे प्रकरण मी फार तटस्थपणे लिहू शकेन असा दावा नाही. त्याला विचारून लिहिते आहे, ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत आणि त्याचं लेखन मूळ इंग्रजी असलं तरी इथे मराठीत देते आहे.

एक्सेलची शीट

परीक्षेत लिहिलेला निबंध परत मिळत नाही. शेरा मिळत नाही, दोन निबंधांचे वेगळे गुणही कळत नाहीत. हातात येतो तो फक्त एक आकडा. त्यामुळे काय चुकलं हे शोधायला आमच्याकडे त्यानं मार्चआधी सरावासाठी लिहिलेले अकरा निबंध होते आणि त्याची आठवण होती. शिवाय एक एक्सेल शीट होती.

ती शीट मला त्यानं मोठ्या अभिमानानं दाखवली. १४० ओळी. पहिल्या रकान्यात विषय: सत्य, सत्ता, संपत्ती, मैत्री, मृत्यू. दुसऱ्यात एक सुविचार, तिसऱ्यात एक उदाहरण आणि चौथ्यात ‘कुठे कुठे वापरता येईल’. गांधी नऊ ठिकाणी होते. गॅलिलिओ सात ठिकाणी.

“मावशी, हे सगळं पाठ आहे मला,” तो म्हणाला.

पाठ होतं, तिथेच तर गोम होती. या भागात प्रत्येक निबंधासाठी एकाच विषयाभोवतीची चार-पाच वचनं समोर येतात. त्यातल्या एकावर किंवा अधिकांवर आपला विचार मांडायचा. पहिल्या निबंधाचा विषय सामाजिक-सांस्कृतिक असतो, दुसऱ्याचा व्यक्तिगत आणि माणसामाणसांतल्या नात्यांचा. तुमचं मत बरोबर की चूक याला गुण नसतात. विचारात किती दम आहे आणि तो कसा मांडला आहे, हे बघतात. पण ज्याच्याकडे १४० ओळींची शीट आहे तो समोरचं वचन वाचतच नाही. त्यातला एक शब्द उचलतो, डोक्यातल्या शीटवर ‘फाइंड’ मारतो आणि जे सापडेल ते ओततो.

मार्चमधला वेळेचा हिशेबही त्यानं प्रामाणिकपणे सांगितला. पहिल्या निबंधात ३८ मिनिटं गेली, कारण ‘चांगली उदाहरणं वाया जाऊ नयेत’. वाचण्यात आणि चुळबुळीत पाचेक. दुसऱ्याला उरली २२, आणि शेवटचं वाक्य अर्ध्यावर असताना खिडकी बंद झाली. हा लेखनाचा भाग घरूनच, कॅमेऱ्यासमोर, रिकाम्या टेबलावर द्यायचा असतो. पडद्यावर शब्दलेखन तपासणारी लाल रेघ नसते. ती नसली की बोटं उघडी पडतात: याची ‘डेफिनेटली’त चुकीचा ‘ए’ घालण्याची सवय तिथे पहिल्यांदा कुणाच्या तरी नजरेला आली असणार.

आता यातलं ४८ ला कारण काय? वेळ, शीट, की आणखी काही? माझं तेव्हाचं मत होतं, वेळ. मी चुकले होते, निदान अर्धी तरी.

एका परिच्छेदात तीन महापुरुष

मी त्याला घरी सरावाला वचनं देऊ लागले, माझीच रचलेली. पहिल्या आठवड्यातलं एक होतं: सत्याला वकील लागत नाही.

त्यानं अर्ध्या तासात लिहिलेल्या निबंधाचा दुसरा परिच्छेद असा होता:

“इतिहासात सत्याचा विजय अनेकदा झाला आहे. गॅलिलिओला चर्चनं गप्प केलं, पण पृथ्वी फिरतच राहिली. सेमेलवाइसनं डॉक्टरांना हात धुवायला सांगितलं, त्याची थट्टा झाली, पण आज सगळे हात धुतात. गांधीजींनी सत्याग्रहानं साम्राज्य हलवलं. यावरून दिसतं की सत्याला विरोध झाला तरी शेवटी ते जिंकतं. मात्र काही वेळा सत्याला मदतीचीही गरज असते.”

वाक्यं स्वच्छ आहेत. इंग्रजी उत्तम होतं, तो इथेच वाढलेला मुलगा. पण वाचून झाल्यावर वाचणाऱ्याच्या हातात काय येतं? तीन नावं, आणि शेवटी ‘मात्र’ लावून केलेली सारवासारव. त्याचे अकराच्या अकरा निबंध असे ‘मात्र’वर संपत होते. दोन्ही बाजूंना थोडं थोडं वाढलं की जेवण झालं, अशी समजूत. विज्ञान शिकलेल्या हुशार मुलांत हा दोष मला पुष्कळ दिसतो. त्यांना वाटतं, निबंधात निष्पक्ष असणं म्हणजे काहीच न म्हणणं. प्रयोगशाळेत हीच मुलं ‘कुठल्या तापमानाला? किती वेळ?’ असं खोदून विचारतील, पण निबंधात शिरताना ते प्रश्न बाहेर काढून ठेवतात, चपलांसारखे.

इथे मला एक मोडीत निघालेली वस्तू आठवली. अमेरिकेतल्या एमकॅट या वैद्यकीय प्रवेशपरीक्षेत १९९१ पासून लेखनाचा भाग होता. दोन निबंध, प्रत्येकी ३० मिनिटं, आणि गुण आकड्यात नाही तर जे ते टी अशा इंग्रजी अक्षरांत. २०१३ च्या जानेवारीपासून तो काढून टाकला. प्रवेश देणाऱ्यांना त्यातून फारसं नवीन काही कळत नव्हतं. पण त्या भागाच्या प्रश्नाचा साचा मला अजून आवडतो. एक विधान द्यायचं आणि तीन कामं सांगायची. विधानाचा अर्थ उलगडा. ते खोटं ठरेल असा एक नेमका प्रसंग सांगा. मग ते कधी खरं आणि कधी खोटं, हे कशावरून ठरवायचं ते सांगा. ब्रिटनमधली बीमॅट २०२३ मध्ये बंद झाली, तिच्या तिसऱ्या भागातही याच जातीचा प्रश्न असे: अर्धा तास, ए-फोर कागदाची एक बाजू, विधान समजावा, त्याविरुद्ध युक्तिवाद करा, तुम्ही कितपत सहमत ते लिहा.

गॅमसॅट यातलं काही सांगत नाही. नुसती वचनं देऊन मोकळी होते. म्हणून तर या भंगारातल्या साच्याचा उपयोग होता. विशेषतः तिसऱ्या पायरीचा, कसोटीचा. त्याच्या ‘मात्र’ला जे जमत नव्हतं ते काम ही पायरी करते.

मी त्याला म्हटलं, “गॅलिलिओ आणि गांधीजींना घरी पाठव. एकटा सेमेलवाइस ठेव. आणि मला सांग, तो का हरला?”

“हरला नाही ना मावशी, आज सगळे हात…”

“तो जिवंत असताना.”

त्याला ठाऊक नव्हतं. शीटमध्ये ‘हात धुणे, थट्टा, नंतर मान्यता’ एवढंच होतं. मग आम्ही दोघांनी बसून वाचलं. सेमेलवाइस व्हिएन्नाच्या ज्या मोठ्या इस्पितळात डॉक्टर होता, तिथे बाळंतिणींचे दोन विभाग होते. एकात डॉक्टर आणि त्यांचे विद्यार्थी, दुसऱ्यात सुइणी. पहिल्या विभागात बाळंतज्वरानं मरणाऱ्या बायका कितीतरी जास्त. १८४७ च्या वसंतात सेमेलवाइसचा मित्र कोलेत्च्का शवविच्छेदनात सुरीची जखम होऊन गेला आणि त्याच्या शरीरात जे आढळलं ते त्या बाळंतिणींसारखंच होतं. मुडदे फाडून तेच हात घेऊन विद्यार्थी प्रसूतीला जात होते. मेच्या मध्यापासून त्यानं क्लोरीनच्या चुन्याच्या पाण्यात हात धुवायला लावले. एप्रिलमध्ये १८ टक्क्यांच्या घरात असलेले मृत्यू जूनमध्ये २ टक्क्यांवर आले.

“एवढा आकडा आणि तरी ऐकलं नाही?” तो खरंच चकित झाला होता. पहिल्यांदा.

मग कारणं निघू लागली. जंतूंचा सिद्धांत अजून रुजायचा होता. हाताला नेमकं काय लागतं हे सेमेलवाइसला कुणाला दाखवता येत नव्हतं. त्यानं सविस्तर पुस्तक छापलं ते थेट १८६१ मध्ये. १८६५ मध्ये वेड्यांच्या इस्पितळात तो वारला.

“आता याच्या शेजारी कुणाला बसवशील? शीट न बघता.”

थोडा वेळ गेला. मग तो म्हणाला, बॅरी मार्शल. हे नाव शीटमध्ये नव्हतं, त्याच्या पदवीच्या अभ्यासातलं होतं. पर्थचा हा डॉक्टर. पोटातल्या जिवाणूमुळे जठराला सूज येते हे पटवण्यासाठी १९८४ मध्ये त्यानं ते जिवंत जिवाणू मिसळलेलं पाणीच पिऊन स्वतःला आजारी पाडलं. सहकारी रॉबिन वॉरन आणि तो, दोघांना २००५ चं नोबेल मिळालं. त्यांचीही आधी टिंगल झाली होती. पण त्यांचं सत्य त्यांच्या हयातीत जिंकलं. का?

त्याचं पहिलं उत्तर ठीकठाक होतं: मार्शलकडे सूक्ष्मदर्शकाखाली दाखवता येईल असा जिवाणू होता, सेमेलवाइसकडे नुसते आकडे होते. मी म्हटलं, बरं आहे, पण हे कुणीही म्हणेल. आणखी खोद. तो मराठीतच बोलत होता, मुद्दाम तसं ठरवलं होतं. इंग्रजीत लिहायला बसला की तो सभेत उभा राहिल्यासारखा बोलतो. मराठीत माझ्याशी वाद घालताना सरळ बोलतो.

“म्हणजे बघा मावशी, मार्शल म्हणत होता की जंतूमुळे रोग होतो. त्यात डॉक्टरांना कमीपणा काय? फार तर औषध चुकत होतं. पण सेमेलवाइस म्हणत होता की तुमच्या हातांनी बायका मेल्या. तुमच्या. ते कोण मान्य करेल?”

मी पेन खाली ठेवलं. ही कसोटी कुठल्या शीटमध्ये मिळाली नसती. त्याच दिवशी त्यानं परिच्छेद पुन्हा लिहिला:

“सेमेलवाइसच्या आकड्यांत खोट नव्हती. पण ते आकडे ज्यांना वाचायचे होते तेच त्या आकड्यांतले आरोपी होते. जे सत्य ऐकणाऱ्याला फक्त नवीन माहिती देतं, त्याला वकील लागत नाही, पुरावा पुरतो. जे सत्य ऐकणाऱ्यालाच दोषी ठरवतं, त्याला वकील लागतो, आणि तो वकील आरोपीलाही निसटायला सभ्य वाट ठेवणारा असावा लागतो. सेमेलवाइसनं ती ठेवली नाही.”

नावं तीनाची एक झाली. लांबी जवळजवळ तेवढीच. पण आता वाचणाऱ्याला भांडायला काहीतरी मिळालं. मला स्वतःला शेवटचं वाक्य पटत नाही. विद्यार्थ्याची भीड मोडावी म्हणून मी ते बोलूनही दाखवलं आणि त्यानं वाक्य काढलं नाही, हे बरं झालं.

साचा अंगाशी आला

जून-जुलैचे चार आठवडे मी त्याला पूर्ण निबंध लिहूच दिला नाही. आठ मिनिटांचं घड्याळ लावायचं, एक वचन, आणि तीन ओळी: अर्थ, अपवाद, कसोटी. दिवसाला दोन. रुग्णांचं रक्त काढून नमुने प्रयोगशाळेला पाठवणाऱ्या एका केंद्रावर तो नोकरी करतो. ट्राममध्ये उभ्या उभ्या फोनवर लिहायचा आणि मला पाठवायचा.

यातून एक छान गोष्ट झाली. वचन होतं: ज्याला नाही म्हणता येत नाही, त्याच्या होकाराला किंमत नसते. त्याला एकदम ऑस्ट्रेलियातलं सक्तीचं मतदान आठवलं. सक्ती आली १९२४ मध्ये. त्याआधीच्या १९२२ च्या निवडणुकीत मतदान ५९ टक्क्यांच्या आसपास होतं, १९२५ मध्ये ९१ च्या वर गेलं. म्हणजे इथे ‘जायचं नाही’ असं म्हणता येत नाही, न गेल्यास दंड. तरी त्या मताला आपण किंमत देतो. का? त्याची तिसरी ओळ अशी आली: सक्ती प्रत्यक्षात बजावता येते ती मतदान केंद्रात येण्याची, कागदावर काय केलं याची नाही, होकाराची किंमत त्या पडद्यामागे शाबूत राहते. आठ मिनिटांत, ट्राममध्ये. मी ऑफिसात दोघींना वाचून दाखवलं.

आणि मग ऑगस्टमध्ये पूर्ण निबंध सुरू झाले तेव्हा सगळं पुन्हा फिसकटलं. ओळीनं चार निबंध मी वाचले आणि चारही एकाच इस्त्रीखालून निघालेले. पहिला परिच्छेद वचनाचा अर्थ. दुसरा ‘तथापि असे काही प्रसंग असतात…’. तिसरा ‘म्हणून कसोटी अशी की…’. शीट गेली, तिच्या जागी माझा साचा बसला. दोष माझा होता. ज्यानं आयुष्यभर पाठ करून ९० च्या पुढे गुण मिळवलेत, तो नवीन विचारपद्धतही पाठच करणार.

मग मी मधली पायरी पुढे आणायला लावली. थेट अपवादानंच सुरुवात कर. कधी कसोटी पहिल्या वाक्यात टाक आणि उरलेला निबंध तिच्यावर हल्ला कर. ‘तथापि’वर बंदी घातली. त्याला हे आवडलं नाही. “पण मावशी, परीक्षक शोधत काय असतात मग?” असं तो वैतागून विचारायचा. हे परीक्षक आपली यादी घेऊन बसलेत, ही कल्पना त्याच्या डोक्यातून काढायला मला सेमेलवाइसपेक्षा जास्त वेळ लागला. पूर्णपणे निघाली असं मी म्हणणार नाही.

वेळेचं मात्र सोपं निघालं. पाच मिनिटं दोन्ही वचनसंच वाचायला आणि तीन-तीन ओळींचा आराखडा करायला, मग २८ आणि २८, उरलेली चार ‘डेफिनेटली’ शोधायला. २८ व्या मिनिटाला घड्याळ वाजलं की वाक्य पूर्ण करून हात काढायचा, पहिला कितीही रंगात आला असला तरी. आठवडाभरात बसलं.

आजोबा

दुसऱ्या निबंधाची गोष्ट वेगळी. तिथे कसोटी-बिसोटी चालेना.

त्याच्या जुन्या अकरांपैकी पाच व्यक्तिगत विषयांवरचे होते आणि पाचांपैकी तीन निबंधांत त्याचे आजोबा मृत्युशय्येवर होते. एकात नातवाचा हात हातात घेऊन काहीतरी फार सुंदर बोलून गेले. ते वाचताना माझ्या पोटात धस्स झालं.

“अरे, आजोबा गेले? कधी? आई काही बोलली नाही मला!”

“नाही मावशी, ते मजेत आहेत. निबंधात गेलेत फक्त.”

मी हसू आवरून विचारलं, तीनदा? तो म्हणाला, दुःखाचं उदाहरण लागतंच ना, आणि माझ्या आयुष्यात तसं काही घडलेलंच नाही. हे तो ओशाळून म्हणाला, जणू २३ वर्षांत घरातलं कुणी न जाणं ही त्याच्या तयारीतली उणीव होती.

कल्पित प्रसंग लिहू नये असा काही नियम मी सांगत नाही. जमत असेल तर लिहावा. पण त्याला जमत नव्हतं, कारण मरणाऱ्या माणसाच्या खोलीत काय असतं हे त्यानं पाहिलेलं नव्हतं. त्या खोलीत एकही वस्तू नव्हती. पलंगसुद्धा नव्हता. नुसता हात आणि सुविचार.

ऑगस्टच्या शेवटी मी त्याला क्षमा या विषयावर वचन दिलं: जो आधी माफी मागतो, चूक त्याचीच असते असं नाही. आणि अट घातली की प्रसंग गेल्या सहा महिन्यांतला आणि कामावरचा हवा. तो म्हणाला, तिथे काही घडत नाही, मी रक्त काढतो. मी म्हटलं, मग रक्ताबद्दल सांग.

तासाभरानं हे बाहेर आलं. एक सत्तरी ओलांडलेल्या बाई केंद्रावर येतात. शिरा बारीक, पटकन सापडत नाहीत. एके दिवशी गर्दी होती, कसंबसं रक्त मिळालं आणि नळी हलक्या हातानं उलटीसुलटी करायच्या ऐवजी त्यानं ती घाईत झटकली. तसं केलं की लाल पेशी फुटतात, त्यांच्यातलं पोटॅशियम बाहेर येतं आणि अहवालात ते खोटंच वाढलेलं दिसतं. प्रयोगशाळेनं नमुना परत केला. बाईंना फोन करून पुन्हा बोलवायचं काम त्याच्याकडेच आलं.

हा त्याचा परीक्षेआधीचा शेवटचा सराव-निबंध. मधला तुकडा देते:

“मी फोनवर म्हणालो, तुमच्या नमुन्यात थोडी अडचण आली आहे. ‘तुमच्या’ हा शब्द मी ठरवून वापरला नव्हता. तो केंद्रातल्या ठरीव वाक्यात असतो. दुसऱ्या दिवशी त्या आल्या, स्वेटरची बाही आधीच वर सरकवून बसल्या आणि म्हणाल्या, ‘माफ कर हं बाळा, माझ्या शिराच वाईट आहेत.’ मी म्हणालो, काही हरकत नाही. म्हणजे मी त्यांना माफ केलं.”

शेवटचं वाक्य वाचून मी काही वेळ काही बोललेच नाही. आधीच्या अकरा निबंधांतल्या सगळ्या मृत्यूंपेक्षा ती वर सरकवलेली बाही जड होती.

अर्थात त्यापुढे त्यानं सवयीनं एक परिच्छेद जोडलाच होता: ‘या अनुभवातून मला उमगलं की भावी डॉक्टर म्हणून प्रामाणिकपणा…’ मी त्यावर आडवी रेघ मारली. तो म्हणाला, पण मग शिकवण कुठे गेली? मी म्हटलं, ‘म्हणजे मी त्यांना माफ केलं’ यात नाही का गेली? त्याला शंका होती. अजूनही असेल. पण त्या जागी त्यानं जे लिहिलं ते मला त्या शिकवणीपेक्षा चांगलं वाटलं: माफी कुणी मागायची हे चुकीवरून ठरत नाही, खुर्चीवरून ठरतं, सुई ज्याच्या हातात आहे त्याच्याकडून कुणी माफीची अपेक्षाच करत नाही. बघा, कसोटी इथेही आलीच होती. फक्त तिला प्रसंगातून वर यावं लागलं, वरून ठेवून चाललं नसतं.

नोव्हेंबर

सप्टेंबरमध्ये त्यानं परीक्षा दिली, नोव्हेंबरमध्ये निकाल आला. ६१, ६३, ६७. लेखनात ४८ वरून ६३. विज्ञानात मात्र चार कमी. उन्हाळाभर पुस्तकं उघडली नाहीत त्याचा परिणाम, असं त्याची आई म्हणते. तेव्हा इथे हिवाळा होता, पण मुद्दा चुकीचा नाही. गुण चार वर्षं चालतात, त्यामुळे तो पुढच्या मेच्या अर्जात हेच लावणार की मार्चमध्ये विज्ञानासाठी पुन्हा बसणार, यावर त्यांच्या घरी अजून खल चालू आहे.

१५ गुणांचं श्रेय कशाला द्यायचं, याचा मी बराच विचार केला. दुसरा निबंध या वेळी पूर्ण झाला, एवढ्या एकाच गोष्टीनं किती फरक पडला असेल? मार्चमध्ये तो अर्ध्यावर तुटला होता, म्हणजे बराच पडला असणार. बाकीचं कसोटीच्या सरावानं, की आजोबांना सोडल्यानं, की सहा महिन्यांनी मोठा झाल्यानं? एकच आकडा मिळतो. त्याची वाटणी करून दाखवणारा शिकवणीवाला भेटला तर मी त्याच्यावर विश्वास ठेवणार नाही. परीक्षेत कुठली वचनं आली आणि त्यानं काय लिहिलं, ते मी विचारलं नाही. सांगायची परवानगी नसते आणि मला जाणून घ्यायचंही नव्हतं.

एवढं मात्र कळलं की निबंधांपैकी एकातही आजोबा गेले नाहीत. हे त्यानं आपणहून सांगितलं.

आता मुलाखतींची तयारी सुरू आहे. छोट्या छोट्या खोल्यांतून फिरत आठ-दहा मिनिटांत एकेका प्रश्नाला तोंड द्यायचं, अशा धर्तीच्या असतात त्या. परवा सरावात मी त्याला विचारलं, तुमच्या हातून झालेली एखादी चूक सांगा. त्यानं त्या बाईंचाच प्रसंग सांगितला. नीट सांगितला, बाहीसकट.

“आणि मग त्यांना सांगितलंस का, की चूक तुझी होती?”

हा प्रश्न सरावाचा नव्हता आणि ते त्याच्या लक्षात आलं.

“त्या दर तीन महिन्यांनी येतात,” तो म्हणाला. “मधे एकदा येऊन गेल्या. मी त्या दिवशी दुसऱ्या काउंटरवर होतो.”

“आता कधी येणार?”

“जानेवारीत.”